माळ्यावरचा बंब आधी खाली काढा

आज रात्री अंथरुणाला पाठ टेकली की दिवा घालवण्याआधी जरा वर बघा. भूकंप झाला तर अंगावर येईल असं डोक्यावर काय काय आहे ते मोजा. पंखा असेलच. तो स्लॅबमधल्या हुकाला टांगलेला असतो, हूक गंजलेला नसेल तर त्याची फार काळजी नाही. पण उशाशी भिंतीवरचं शेल्फ? त्यावरच्या मुलाच्या ट्रॉफ्या, लग्नातला काचेच्या फ्रेममधला फोटो? आणि माळ्यावर सासूबाईंचा तांब्याचा बंब, दोन घंगाळी, आकाशकंदिलाचं खोकं आणि ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेला जुना मिक्सर? हे सगळं झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर आहे, आणि आपण ते स्वतःच्या हातानं तिथे चढवलेलं आहे.

माझं माहेर पाटणचं, कोयनेच्या काठचं. ११ डिसेंबर १९६७ ला मी सात वर्षांची होते. पहाटे चार-सव्वाचारचा सुमार, कडाक्याची थंडी, आणि मी आजीच्या गोधडीत. आधी आवाज आला. रिकामी बैलगाडी फरसबंदीवरून कुणी भरधाव पळवावी तसा, फक्त तो जमिनीच्या पोटातून येत होता. मग अंथरूणच सरकलं. मागची गोठ्याकडची भिंत पडली, पण माझ्या डोळ्यांसमोर आजही येते ती स्वयंपाकघरातली उतरंड. खाली मोठा डेरा, वर लहान होत गेलेली मडकी, सगळी धान्याडाळींनी भरलेली. आई तिच्या शेजारीच झोपायची. उतरंड तिच्या पायावर आली आणि पुढे जन्मभर ती लंगडत चालली. घराच्या भिंतीनं आमच्यातल्या कुणाला ओरखडासुद्धा काढला नाही. आईचा पाय मोडला तो हरभऱ्याच्या डाळीनं.

तो भूकंप ६.३ तीव्रतेचा होता. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. पुणं तिथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. २००२ साली देशाचा भूकंपप्रवण विभागांचा नकाशा सुधारला, त्यात कोयना चौथ्या विभागात आणि पुणं तिसऱ्या विभागात दाखवलं होतं. तिसरा म्हणजे मध्यम धोक्याचा. घाबरून गाव सोडावं असं त्यात काही नाही. पण आमच्या सोसायटीच्या सभेत दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, ‘पुण्याला काही होत नाही हो,’ तेही खरं नाही.

रविवारची सकाळ, एक ड्रिल आणि आठ अँगल

आमचा फ्लॅट कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावर. घरातली कामं मी एका रविवारी सुरू केली आणि तीन रविवार पुरली.

पहिलं काम फुकटचं. माळ्यावरचं जड सामान खाली उतरवलं. बंब भावाच्या मुलाला दिला, घंगाळी गॅलरीत कुंड्या म्हणून जमिनीवर ठेवली. माळ्यावर आता फक्त रजया, रिकाम्या बॅगा आणि आकाशकंदील. माळ्याला सरकती दारं होती, ती धक्क्यानं आपोआप उघडतात, म्हणून बाहेरून साधी कडी लावून घेतली. पलंग खिडकीच्या काचेपासून आणि कपाटाच्या तोंडासमोरून हलवला. खोली लहान असेल तर निदान डोकं पडणाऱ्या वस्तूकडे नको, पाय असू देत.

दुसरं लोखंडी कपाट. भरलेलं कपाट दोघांना हलत नाही, म्हणून ते पडणारच नाही असं आपल्याला वाटतं. पण उंच, अरुंद आणि वरच्या खणात साड्यांचे गठ्ठे, अशी वस्तू जमीन मागेपुढे झाली की डोलायला लागते आणि चौथ्या-पाचव्या हेलकाव्याला तोंडावर येते. तिला माथ्याशी भिंतीला बांधायचं. हार्डवेअरच्या दुकानात दोन इंची एल अँगल मागा, पातळ पत्र्याचे नकोत. एका कपाटाला दोन लागतात, वरच्या दोन्ही कोपऱ्यांजवळ. एक पाय कपाटाच्या माथ्यावर नट-बोल्टनं, दुसरा भिंतीत स्क्रू आणि प्लग घालून. स्क्रू अडीच इंची घ्या, कारण आतलं प्लास्टर अर्धा-पाऊण इंच असतं आणि नुसत्या प्लास्टरमध्ये अडकलेला स्क्रू पहिल्याच हिसक्याला बाहेर येतो. ड्रिल मारताना लाल भुकटी यायला लागली की वीट लागली समजा. करडी भुकटी येतेय आणि ड्रिल कण्हतंय, म्हणजे काँक्रीट आहे. तिथे हट्ट न करता थोडं बाजूला सरका. नव्या टॉवरमधल्या भिंती बहुतेक सायपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या असतात. त्यांत साधा प्लग सैल पडतो. दुकानदाराला भिंत कसली ते सांगा, तो त्यासाठीचा वेगळा प्लग देतो.

खाली स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायाशी फरशीची पट्टी असल्यामुळे कपाट आणि भिंत यांच्यात बोटभर फट राहते. अँगल ओढूनताणून बसवला तर कपाट मागे कलतं आणि दार नीट लागत नाही. फटीत लाकडी पट्टी सारा, मग आवळा.

आणि एक चूक माझ्याकडून शिका. पहिल्या कपाटाला मी स्विचबोर्डाच्या बरोब्बर वर भोक पाडलं. ठिणगी, फट्‌ असा आवाज, आणि अर्धं घर अंधारात. बाहेरून ह्यांचा प्रश्न आला, ‘झाला का भूकंप?’ वायरी बोर्डापासून सरळ वर किंवा सरळ खाली जातात, हे इलेक्ट्रिशियननं मला पैसे घेऊन समजावलं. त्या उभ्या रेषेत ड्रिल लावायचं नाही. त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे मेन बोर्डावरचा तिचा स्विच, आधी पाडायचा आणि ड्रिलची वायर दुसऱ्या खोलीतून आणायची.

स्वयंपाकघरात आपली स्टीलची मांडणी असते. ताटं, वाट्या, डबे मिळून तिच्यावर किती वजन असतं ते एकदा उतरवून बघा, म्हणजे ती ज्या चार स्क्रूंवर लटकलीय त्यांची कीव येईल. आमचे दोन स्क्रू नुसते हातानं फिरत होते. ते बदलले, पितळी डबे खालच्या ओट्याखाली गेले, वर हलकं तेवढं राहिलं. काचेच्या बरण्यांपुढे एक आडवी सळई मारून घेतली. लोणच्याच्या बरण्या मात्र अजून फळीवरच आहेत. त्यावर आमच्या घरात एकमत नाही.

गीझर भिंतीत बोल्टनं घट्ट आहे का, ते प्लंबरकडून बघून घ्या. पाण्यानं भरलेला पंचवीस लिटरचा गीझर म्हणजे आंघोळ करणाऱ्याच्या डोक्यावर पस्तीसेक किलो. सिलिंडर भिंतीला साखळीनं बांधा, जवळचा रेग्युलेटर घरातल्या प्रत्येकाला डोळे मिटून बंद करता आला पाहिजे. पाइपाचा गॅस असेल तर त्याचा कॉक पाइपाला आडवा केला की बंद, पाइपाच्या रेषेत असला की चालू. देवघरातली समई पडद्यापासून लांब हलवा. संध्याकाळी लावून बाहेर जायची सवय असेल तर ती सोडा.

हलायला लागलं की

जोराचा धक्का बहुतेक वेळा मिनिटभरही टिकत नाही. तेवढ्या वेळात काय करायचं ते आधी अंगवळणी पडलेलं असलं तरच सुचतं. तीन गोष्टी: खाली बसा, डोकं झाका, धरून ठेवा. मजबूत टेबल असेल तर त्याखाली शिरा आणि त्याचा पाय घट्ट धरा, टेबल सरकलं तर त्याच्याबरोबर सरका. टेबल नसेल तर आतल्या भिंतीशी, खिडकी आणि कपाटापासून लांब, गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी डोकं आणि मान झाका. नातवंडांना मी हे ‘कासव’ म्हणून शिकवलंय. मी ‘कासव!’ ओरडले की दोघं डायनिंग टेबलाखाली. आता ती खेळतात तेव्हा मलाही वाकावं लागतं आणि माझे गुडघे कुरकुरतात, तो भाग वेगळा.

पलंगावर असाल तर तिथेच राहा, पालथे व्हा, उशी डोक्यावर घ्या. अंधारात उठून धावणारा माणूस काचांवर पाय देतो. वॉकर किंवा व्हीलचेअरवाल्या आजी-आजोबांनी चाकाचा ब्रेक लावून जागीच पुढे वाकावं आणि डोकं झाकावं. हात गॅसच्या बटणावर असेल तर ते फिरवा. दुसऱ्या खोलीतून त्यासाठी पळत येऊ नका.

जिन्याकडे धावू नका. इमारत हलत असताना जिना वेगळ्या तालात हलतो, त्यात चोवीस घरांतली माणसं एकदम त्यावर. लिफ्टचं नाव काढू नका. आत सापडलात तर सगळ्या मजल्यांची बटणं दाबा आणि पहिल्यांदा दार उघडेल तिथे बाहेर पडा. हिंजवडी-बाणेरच्या उंच टॉवरमधल्या लोकांना दूरच्या भूकंपाचाही झोका बराच वेळ जाणवतो. पोटात ढवळतं, झुंबर डोलतं, पण उंच इमारत हलायलाच हवी अशी बांधलेली असते.

दाराच्या चौकटीत उभं राहायचं, असं माझी आजी सांगायची. तिच्या घराची चौकट सागवानी होती आणि भिंती दगडमातीच्या, त्यामुळे त्या घरात सगळ्यात भक्कम चीज चौकटच होती. आपल्या फ्लॅटची चौकट भिंतीपेक्षा भक्कम नाही, वर दार आपटून बोटं चेचायची. तिथे थांबू नका.

पेठेतल्या जुन्या वाड्यांचं गणित मात्र निराळं. कसबा, शुक्रवार, सदाशिवात अजून दगड-माती-लाकडाचे वाडे आहेत. तुम्ही तळमजल्यावर दाराशीच असाल आणि चौक किंवा अंगण दोन पावलांवर असेल तर तिथे निघा, चौकाच्या मधोमध. बोळात नको. बोळात दोन्हीकडून कौलं, विटा आणि सज्जे खाली येतात. वरच्या मजल्यावर असाल तर जिना उतरायच्या फंदात न पडता जड लाकडी पलंगाखाली किंवा टेबलाखाली शिरा. आणि वाड्याची भिंत फुगलेली दिसत असेल तर भूकंपाची वाट कशाला, ती पावसाळ्यातच दगा देते.

रस्त्यावर गाडीवर असाल तर हळूहळू बाजूला थांबा. पुलावर, उड्डाणपुलाखाली, होर्डिंगखाली, विजेच्या तारांखाली नको.

अँड्रॉइड फोनमध्ये भारतात २०२३ पासून भूकंपाचा इशारा मिळतो. सेटिंगमध्ये सेफ्टी अँड इमर्जन्सी खाली तो चालू आहे ना, बघा. इशारा काही सेकंद आधी येतो, कधी तेवढाही नाही. ‘आज रात्री दोन वाजता भूकंप’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर आलं तर ते पुढे पाठवू नका. भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगणारं यंत्र जगात कुणाकडे नाही.

चपला

धक्का थांबल्यावर पहिली गोष्ट चपला. पलंगाखाली प्रत्येकाच्या नावाची एक कापडी पिशवी पायाला बांधून ठेवा, पलंगाच्या पायाला हो, त्यात जुने बूट किंवा बंद चपला, बॅटरी आणि शिट्टी. नुसती ठेवली तर ती सरकून कपाटाखाली जाते आणि ऐन वेळी सापडत नाही. शिट्टी का, तर ढिगाऱ्याखाली ओरडून घसा दोन मिनिटांत बसतो आणि धूळ तोंडात जाते. शिट्टी तासन्‌तास वाजवता येते. चष्मा लागत असेल तर जुन्या नंबरचा का होईना, तोही त्यातच.

मग गॅस बंद. वास येत असेल तर विजेचं एकही बटण चालू-बंद करू नका, काडी ओढू नका, खिडक्या उघडा आणि बाहेर पडा. वास नसेल तर मेन स्विच पाडा. जिन्यानं भिंतीच्या कडेनं उतरा. फोन करू नका, मेसेज करा. सगळे एकदम फोन करतात तेव्हा लाइन मिळत नाही, मेसेज उशिरा का होईना जातो. आमच्या घरातल्या सगळ्यांनी मेसेज करायचा तो नागपूरच्या नणंदेला. पुण्यातल्या पुण्यात एकमेकांना गाठत बसण्यापेक्षा लांबच्या एका माणसाकडे सगळ्यांचा निरोप गोळा झालेला बरा. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशमनसाठी १०१.

पर्स आणायला परत वर जाऊ नका. मोठ्या धक्क्यामागून लहान धक्के येतात. कोयनेला ते महिनोन्‌महिने येत राहिले. आमच्या माहेरी अजूनही भांडं वाजलं की ‘मांजर आहे का’ असं कुणी विचारत नाही.

घरात परत जायचं की नाही, ते भेगा बघून ठरवा. कॉलम आणि विटांची भिंत जिथे जुळतात तिथल्या केसाएवढ्या भेगा बहुधा प्लास्टरच्या असतात. पण कॉलमवर तिरकी किंवा फुलीसारखी भेग, काँक्रीटचा खपला पडून सळ्या दिसतायत, दारं एकाएकी अडकायला लागलीयत, असं काही असेल तर इंजिनिअर बघून जाईपर्यंत आत पाऊल नको.

पिशवीबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्याच्या याद्या सगळीकडे मिळतात. पाणी माणशी रोज तीन लिटर, तीन दिवसांचं. चौघांना छत्तीस लिटर, म्हणजे वीस लिटरचे दोन कॅन. खायला न शिजवता खाता येईल असं: भडंग, चिक्की, राजगिऱ्याच्या वड्या, भाजलेले शेंगदाणे. पाडवा आणि दिवाळीला जुनं खाऊन टाकायचं, नवं भरायचं. बीपी-शुगरच्या गोळ्या आठवड्याच्या. छत्तीस वर्षं बँकेत काढल्यामुळे एक आग्रह मात्र धरते: पाचशेच्या नोटा नकोत, दहा-वीस-पन्नासच्या ठेवा. वीज आणि नेटवर्क गेल्यावर क्यूआर कोड भिंतीवरचं चित्र होतो आणि पाण्याच्या बाटलीला पाचशेचे सुट्टे कुणी देत नाही. आधार, विम्याची पॉलिसी, फ्लॅटचा इंडेक्स टू यांच्या झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पाकिटात.

पार्किंगमधले खांब

आता जे काम एकट्यानं होत नाही, ते. २६ जानेवारी २००१ चा भूजचा भूकंप आठवा. भूकंपाच्या केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादमध्ये बहुमजली इमारती पडल्या आणि त्यांत कितीतरी अशा होत्या, ज्यांच्या तळमजल्यावर नुसतं पार्किंग होतं. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंती असतात, त्यामुळे ते एकसंध, ताठ खोक्यासारखे हलतात. खाली नुसते खांब. सगळं वाकणं त्या एका मजल्याच्या वाट्याला येतं, खांब माथ्याशी आणि पायाशी फुटतात आणि वरचा डोलारा तसाच्या तसा खाली बसतो. पुण्यात ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या किती सोसायट्या अशा खांबांवर उभ्या आहेत, ते तुमच्या गल्लीत एक चक्कर मारली की कळेल. आमची १९८९ ची, त्यातलीच.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर पाच वर्षांनी आणि ३० च्या वरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. मी सचिव झाले तेव्हा आमचं एकदाही झालेलं नव्हतं. रंगकामाला मात्र सभेनं एका मिनिटात मंजुरी दिली होती. ऑडिटला दोन सभा लागल्या.

इंजिनिअर आला, त्यानं पार्किंगमधल्या प्रत्येक खांबाला हातोडीनं ठोकून आवाज ऐकला, मग यंत्रानं तपासलं. बाथरूमच्या ड्रेनेज पाइपाजवळचे दोन खांब पोकळ वाजले. प्लास्टर काढल्यावर आतल्या सळ्या गंजून फुगलेल्या, त्यांना आवळून धरणाऱ्या आडव्या रिंगा तर काही ठिकाणी नुसत्या तपकिरी रेघा उरलेल्या. तीस वर्षं झिरपणाऱ्या पाण्याचं हे काम. आम्ही त्याला ‘ओल’ म्हणून वर डिस्टेंपर मारत होतो. सैल काँक्रीट काढून, सळ्या घासून, नव्या सळ्या आणि रिंगा घालून दोन्ही खांबांना जॅकेटिंग केलं, म्हणजे भोवतीनं काँक्रीटचं नवं आवरण चढवलं. शिवाय त्यानं पार्किंगमध्ये दोन ठिकाणी खांबांच्या मध्ये काँक्रीटच्या भिंती सुचवल्या. दोन गाड्यांची जागा गेली. खर्चावर झालं नाही एवढं भांडण त्या दोन जागांवर झालं. शेवटी दरवर्षी चिठ्ठ्या टाकून कोणाची गाडी बाहेर ते ठरतं. यंदा आमची बाहेर आहे.

तुमच्याकडे ऑडिट लांबत असेल तर निदान हे बघा. कुणी गाडी बसावी म्हणून खांबाचा कोपरा छिनलाय का? फ्लॅट मोठा करायला कुणी भिंत पाडलीय का? गच्चीवर किती वजन आहे? एक हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन. दहा बाय दहा फुटांची, सहा इंच ओल्या मातीची बाग म्हणजे अडीच टनांच्या आसपास. इमारतीच्या डोक्यावर वजन जितकं जास्त, तितका खाली खांबांना हिसका जास्त. पुनर्विकास चालू असेल तर खांबांत काँक्रीट ओतायच्या आधी साइटवर जा आणि खांबांच्या रिंगांची टोकं बघा. ती नुसती काटकोनात दुमडलेली नकोत, १३५ अंशांत वळून खांबाच्या गाभ्यात शिरलेली हवीत. काटकोनी टोक जोराच्या धक्क्यात उघडतं आणि उभ्या सळ्या बाहेर फुगतात.

गावाकडे घर बांधताय? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला जे झालं, ते ६.२ च्या भूकंपानं. अनंत चतुर्दशीची रात्र सरत होती. तिथे हजारो माणसं गेली ती जाड दगडमातीच्या भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद अंगावर येऊन. जोत्याला, दार-खिडक्यांच्या वर आणि छताखाली असे तीन काँक्रीटचे पट्टे सगळ्या भिंतींवरून सलग फिरवून घ्या. दगडी भिंत असेल तर तिच्या आरपार जाणारे लांब दगड ठिकठिकाणी घालायला सांगा. गवंडी ‘कशाला’ म्हणेल. त्याला जेवायला वाढा, पण पट्टे घालूनच घ्या.

तळेगावजवळ सुदुंबरे इथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे, ही पुण्याची जमेची बाजू. पण मोठा प्रसंग आला तर सगळं शहर त्यांनाच बोलावणार. तोवर तुमच्या जिन्यातलीच माणसं. म्हणून आमच्या वॉचमनच्या खोलीत दोन पहारी, चार घमेली, फावडं, दोर आणि जाड हातमोजे ठेवलेत. दारामागे कागद आहे: कोणत्या घरात एकटे राहणारे ज्येष्ठ आहेत, कुणाला ऑक्सिजन लागतो, कुणाची जादा किल्ली कुणाकडे. गोळा व्हायची जागा समोरची बाग आहे, पार्किंग नव्हे.

सराव आम्ही ११ डिसेंबरला करतो, संध्याकाळी सातला. पहाटे सव्वाचारला करू म्हटलं तर सभेनं मला सचिवपदावरूनच काढलं असतं. शिट्टी, कासव, एक मिनिट, मग चपला घालून खाली आणि बागेत मोजणी. गेल्या वर्षी चोवीसपैकी सतरा घरं आली. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा काठी टेकत आले, मोजणीत हजेरी दिली आणि म्हणाले, ‘गॅस बंद करायचा राहिला बहुतेक.’ सगळे थांबले, त्यांचा नातू वर जाऊन बघून आला. खरंच राहिला होता.